बाबांची समाधी

सोफा भिंतीला सरकवला होता, टीपॉय गॅलरीत गेला होता आणि मोकळ्या झालेल्या दिवाणखान्यात इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं मांडी ठोकून बसली होती. ज्यांना जागा मिळाली नाही, ते दारात चपलांच्या ढिगात उभे. सगळे मिळून असा श्वास घेत होते, की लोहाराचे पाचपन्नास भाते कुणीतरी एकदम सुरू केलेत असं वाटावं.

"जोरात! आणखी जोरात!" मधून फिरणारे प्राणदादा टाळ्या वाजवत होते. "पेशींत कचरा साठलाय, कचरा! मी झाडू मारायला आलोय! गुरू म्हणू नका मला, मी तुमचा दादा!"

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाळावर त्यांनी अंगठा टेकवला. बघता बघता बाईंची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, मनगटं आत वळली.

"उघडा बोटं," प्राणदादा हसून म्हणाले.

"उघडत नाहीत हो!" बाई घाबरल्या आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागल्या. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा गप्प व्हायची, त्या बाई!

"आली! ऊर्जा आली!" खोलीभर सुस्कारे उठले.

मागे स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या, या घरच्या धाकटीला मात्र काहीसुद्धा आलं नव्हतं. आल्या होत्या त्या पायाला मुंग्या, त्याही मांडी घालून.

खरं तर हे सगळं तिच्यासाठीच सुरू झालं होतं. ती वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून पाठ धरायची, परीक्षेच्या धास्तीनं झोप उडायची. थोरली बहीण लग्न होऊन दूर गेलेली, त्यामुळे आईची सगळी काळजी हिच्याच वाट्याला. "घरच्या घरी योग शिक, ध्यान शिक," म्हणून आईनं प्राणदादांना बोलावलं. पहिल्या दोन-चार वेळा चार सोपी आसनं झाली, पाठ सैल पडली, तिलाही बरं वाटलं. मग आसनं मागे पडली, हा भाता पुढे आला आणि शेजारीपाजारी जमायला लागले. तिला शिकायचं होतं ते राहिलं बाजूला.

"दादा, मला काहीच होत नाही," एकदा तिनं चिडून सांगितलं.

"कसं होईल? एक डोळा उघडा ठेवून बसतेस. मन बंद आणि डोळा उघडा! तुझ्या शंकेनं बाकीच्यांची ऊर्जा गळते. तू मागे बसत जा."

आपल्याच घरात तिला मागे बसवलं होतं आणि आईनं मुकाट्यानं मान डोलावली होती! तिचा नुसता जळफळाट झाला. पण मागून एक गोष्ट नीट दिसायची. प्राणदादा कुणाच्या कपाळाला हात लावायचे? ज्याची बोटं आधीच थरथरायला लागलीत, त्याच्याच.

हे तिनं आईला सांगितलं. "तुला येत नाही म्हणून दुसऱ्यांचं खोटं?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

खरा घोर लागला तो वेगळ्याच कारणानं. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचे. तरुणपणापासून त्यांना फिट यायच्या, डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्यांमुळे त्या कैक वर्षं थांबल्या होत्या. एका सकाळी बाबा गोळी न घेताच कामाला निघाले.

"बाबा, गोळी?"

"बंद केली. दादा म्हणाले, गोळी आत आणि ऊर्जा बाहेर, असं होतं. अगं, इतकं हलकं वाटतंय मला!"

"डॉक्टरबाईंना विचारलंत?"

"त्यांना ऊर्जेतलं काय कळतंय?"

ती भांडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. कुणी ढिम्म हललं नाही. उलट "हिच्या अंगातली नकारात्मकता बाहेर पडतेय" असा निर्वाळा मिळाला. भिंतीशी बोलावं, तसं झालं होतं.

मग एका संध्याकाळी वर्ग सुरू व्हायच्या बऱ्याच आधी ती आपल्या खोलीत दार लावून बसली. डोकं भणभणत होतं. हे लोक करतात तरी काय, एकदा धड करूनच बघू, म्हणून दात-ओठ खाऊन तिनं भाता सुरू केला. थोड्या वेळानं ओठ बधिर झाले. हाताला मुंग्या आल्या. आणि बोटं चिकटली, मनगटं वळली, अगदी मुख्याध्यापिकाबाईंसारखी!

क्षणभर तिला आनंदच झाला. आपल्यालाही आलं! मग वळलेल्या हातांकडे बघता बघता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोलीत कोण होतं? कपाट, टेबल आणि ती. कुणाचा अंगठा नाही, कुणाची ऊर्जा नाही. श्वास सावकाश घेतल्यावर हात आपोआप सुटले. ती तशीच चपला अडकवून दवाखान्याकडे पळाली.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "यात नवल काहीच नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणजे निव्वळ कचरा नव्हे, रक्तात तो ठरावीक प्रमाणात लागतो. उगाच भराभर श्वास घेतला की तो फार बाहेर जातो, रक्ताचा तोल बिघडतो, नसा चटकन उत्तेजित होतात. म्हणून मुंग्या, चक्कर, हात वळणं. रडूही येतं." मग त्या एकदम थांबल्या. "तुझे बाबा नाही ना बसत तिथे? अशा श्वासानं फिट येऊ शकते."

"बसतात," ती कशीबशी म्हणाली. "आणि गोळ्याही बंद केल्यात."

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्याच.

दोघी पोचल्या तेव्हा जिन्यातूनच गलका ऐकू येत होता. दिवाणखान्याच्या मधोमध बाबा आडवे पडले होते. अंग ताठ, हातपाय झटके देताहेत, तोंडाला फेस. आणि भोवती सगळे हात जोडून बसलेले! आईसुद्धा.

"समाधी!" प्राणदादांचा आवाज टिपेला गेला होता. "अशी समाधी लाखात एकाला लागते! कुणी हात लावू नका!"

"सरका!" धाकटी इतक्या जोरात ओरडली, की सगळे खरंच सरकले. तिनं बाबांच्या डोक्याखाली उशी सारली. झटके ओसरताच डॉक्टरबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं. "तोंडात काही घालू नका. खिडक्या उघडा. आणि तुम्ही, समाधीवाले, बाजूला व्हा. ही फिट आहे."

बाबांना शुद्ध आली, तेव्हा आपण कुठे आहोत हेही त्यांना कळेना. जीभ चावली गेली होती, शर्टाला रक्त लागलं होतं. आईनं ते रक्त पाहिलं आणि तिचे जोडलेले हात खाली आले.

डॉक्टरबाईंनी बाबांना रुग्णालयात हलवायला गाडी मागवली. ती येईपर्यंत धाकटी उठून प्राणदादांसमोर उभी राहिली. "तुमची ऊर्जा अंगठ्यातून येते ना? मग साधा श्वास घेत बसलेल्या कुणालाही हात लावा. वळवा त्याची बोटं."

"ऊर्जा परीक्षा देत नसते, बाळ."

"आम्हाला बरी द्यावी लागते! बरं, तुम्ही नका देऊ. मी देते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीजसमोर बसली. बाबांना आईजवळ सोपवून डॉक्टरबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि इतरांना बजावलं, "बाकी कुणी हे करायचं नाही." ती फ्रीजच्या दाराकडे बघत भराभर श्वास घेत राहिली. थोड्याच वेळात तिचे दोन्ही हात सगळ्यांदेखत वळले.

"मला फ्रीजनं ऊर्जा दिली," ती धापा टाकत म्हणाली. "जोडा हात त्याला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राणदादांनी "अश्रद्ध घर आहे" असं पुटपुटत चपला शोधायला घेतल्या, आणि त्या ढिगातून त्या काही लवकर सापडेनात.

इथे सगळं गोड झालं असतं तर बरं झालं असतं. पण आठवड्याच्या आत शेजारच्या इमारतीतून प्राणदादांच्या भात्याचे आवाज यायला लागले. तिथे बसणाऱ्यांत धाकटीच्या दिवाणखान्यातलेही काही होतेच. "आम्हाला अनुभव आलाय," एवढंच त्यांचं म्हणणं. धाकटीला डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

बाबा गोळ्या घेत होते. ती रोज आसनं करायची, सावकाश श्वास घेत शांत बसायची. तिचं भांडण योगाशी नव्हतंच. भांडण होतं ते अंगात काही झालं की त्याचं श्रेय उपटणाऱ्याशी, आणि न विचारता ते देऊन टाकणाऱ्यांशी. ज्याला दावा करायचाय, त्यानं पडताळा द्यावा. देत नसेल, तर आपण मागावा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करायला कुणी सांगितलं, तर आधी डॉक्टरांना गाठावं. एवढंसुद्धा करायला जड वाटत असेल, तर ती ऊर्जा मिळवून करायचं तरी काय?

एका दुपारी मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. जरा ओशाळल्याच होत्या.

"पण माझी बोटं खरंच वळली होती गं."

"वळलीच होती, बाई. तुम्ही नाटक केलं, असं मी कधी म्हटलं? बोटं खरी, वळणं खरं. त्यांनी सांगितलेलं कारण तेवढं खोटं."

बाईंनी पदर खोचला. सवयीनं त्या एकदा खाकरल्या.

"चल माझ्याबरोबर शेजारच्या इमारतीत. तिथे कुणाकुणाची औषधं बंद केलीत, हे आधी विचारू."