वडिलांच्या नावाचा रकाना

कॉम्प्युटरच्या लेखी माधवनगरच्या शालूबाईंच्या घरात एकच माणूस राहत होतं.

सांगलीत तृतीयपंथीयांच्या आरोग्याचा अभ्यास चालतो, तिथे मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. मीही त्यांच्यातलीच. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की एक ठेवायची, बाकीच्या उडवायच्या, हा वरून आलेला नियम. आमच्यात नावं बदलतात, म्हणून नाव जमेस धरायचंच नाही. शालूबाईंच्या घरात सगळ्यांचा पत्ता एक, फोन एक, आणि वडिलांच्या रकान्यात गुरूचं, म्हणजे शालूबाईंचंच नाव. वर्ष नियमात धरलेलं नव्हतं आणि जन्मतारीखही सगळ्यांची एक जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या तालुक्याला तीच चिकटवलेली. मशीन बिचारं काय करणार? त्यानं एक नोंद ठेवली आणि बाकीच्यांची, त्याच नोंदींवर मोफत उपचार देणारी आरोग्यकार्डं बंद केली. त्यात शालूबाईंच्या घरातल्या मायाचं कार्ड गेलं.

माया दवाखान्यात तापानं फणफणली होती. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूपर्यंत गेलाय का ते आजच बघायला हवं, कार्ड तेवढं चालू करून आणा. मी मुख्य कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. जन्मदात्या वडिलांचं नाव आणि नंबर भरा, नोंद वेगळी होईल, आम्ही फोन करून खात्री करू, असं ते म्हणाले. शेजारी वाटीभर साखर मागावी तसं त्यांनी वडिलांचं नाव मागितलं. मला त्यांचा भयंकर राग आला.

मायाचं घर म्हसवडकडचं, मेंढरं राखणारं. शुद्धीत होती तोवर मी तिला विचारलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यानं जित्तेपणी माझा दहावा घातलाय, ताई. मेलेल्या पोराचा बाप कशाला इचारता?"

शालूबाई तिचे पाय चेपत बसल्या होत्या. माझ्या हातात सगळं आहे, अशा आशेनं त्या माझ्याकडे बघत होत्या. मला तिथे उभं राहवेना.

ऑफिसात येऊन तो रिकामा रकाना उघडला. मला बापाचा एकच नंबर तोंडपाठ होता, माझ्या आबांचा. आबा साताऱ्याला असतात, लष्करातून निवृत्त झालेले. मी साडी नेसले त्या दिवशी त्यांनी माझी बॅग दाराबाहेर ठेवून कडी लावली. त्यानंतर किती वेळा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत कापला, ते माझं मला माहीत. फोन उचलला गेला नाही तर कार्ड तात्पुरतं मंजूर होतं, आणि आबा अनोळखी नंबर कधी घेत नाहीत. खोटी माहिती भरणाऱ्यांना रोज शिव्या घालणाऱ्या मी मायाच्या नोंदीत माझा बाप भरला.

दुपारी मुख्य कचेरीतून, खात्रीचे फोन करणाऱ्या संयोगिताचा फोन आला. कार्ड चालू झालं होतं. वडिलांनी फोन उचलला, ती सांगत होती. दवाखान्यात आहे ती माया तुमची मुलगी का, असं विचारल्यावर त्यांनी नाव पुन्हा एकदा विचारलं, मग हो म्हणाले. लय आजारी हाय का, दवाखाना कुठला, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

मी नाव काय घेतलं, हे आबांना कुठे ठाऊक होतं? त्यांना वाटलं, माया म्हणजे मीच.

संध्याकाळी मायाची शुद्ध हरपली. पाठीतलं पाणी काढून तपासायचं म्हणून सिस्टर नातेवाइकाची सही मागत होत्या. शालूबाईंनी अंगठा पुढे केला, पण गुरू हे नातं दवाखान्याच्या कागदात बसेना. तेवढ्यात आबा आले. थकले होते. हातात शहाळं होतं.

त्यांनी खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिथेच थबकले. सिस्टरांनी विचारलं, मायाचे वडील तुम्हीच ना? आबा नाही म्हणाले असते तर तिथल्या तिथे सगळं संपलं असतं. मी त्यांच्याजवळ गेले.

"आबा, आजारी ती हाय. मी खोटं लिवलं. तिला कुनी न्हाई."

ते माझ्या साडीकडे, कपाळाकडे, हातांकडे बघत राहिले.

"तुझं नाव काय ठिवलंस?"

"पल्लवी."

त्यांनी शहाळं मायाच्या उशाशी ठेवलं, सिस्टरांच्या हातातलं पेन घेतलं, सही केली आणि नात्याच्या जागी सावकाश लिहिलं, वडील.