मोठ्या तोंडाचा टुबा

धामणगाव बढ्याच्या शकूरला जाकीरचा कुठलाच शब्द सरळ वाटायचा नाही. हा जाकीर एके काळी त्याच्याच बँडमध्ये होता. मग सोनाळ्याला जाऊन त्याने स्वतःचा बँड काढला आणि जाताना शकूरचा चांगला ढोलवाला पळवला. तेव्हा बसलेली अढी काही सुटली नव्हती.

आता नेमके याच जाकीरकडे दोन टुबे, म्हणजे फुंकून वाजवायची रुंद तोंडाची पितळी वाद्यं, विकायला होते, एक लहान, एक मोठा. मंगल कार्यालयात बसून वाजवायला शकूरने पाच जणांचा मेळ जमवला होता, आणि खालचा जाड सूर स्वतः धरायला त्याला टुबा हवा होता. त्या पाचांत त्याची लेक मदिहा पहिल्यांदाच लोकांसमोर ट्रम्पेट वाजवणार होती. पोरीची फुंक नाजूक, पण सूर असा गोड की ऐकत राहावं. तो लोकांच्या कानावर पडावा, एवढ्यासाठीच बापाचा सगळा खटाटोप चालला होता.

"शकूरभाई, लहाना घ्या," जाकीर म्हणाला. "मोठा पोरीले दाबून टाकीन."

"काऊन? मोठा तुले ठेवाचा हाय का?"

"मले कायले? मी त खरं सांगून राह्यलो."

खरं म्हणे! शकूरला हसूच आलं. वरातीच्या बँडवाल्यांची वाद्य पारखायची रीत ठरलेली असते: रस्त्यावर उभं राहून फुंकायचं, आवाज जितका लांब जाईल तितकं वाद्य चोख. त्याने दोन्ही टुबे तसेच फुंकून पाहिले. लहान्याचा आवाज पानटपरीपाशीच विरला. मोठ्याने पार वळणावरची म्हैस बुजवली. बघा, लबाड कसा लहाना गळ्यात मारत होता! शकूरने मोठा उचलला. जाकीरने लहाना परत आत नेऊन ठेवला, आणि त्यातही शकूरला काहीतरी खोटंच वाटलं.

मेळाचं पहिलंच वाजवणं मोताळ्याच्या एका लग्नात होतं, आणि तिथे जाकीर पाहुणा म्हणून आला होता. पाच जण वाजवायला लागले, तसा तो मदिहाकडे बघत नाही-नाही अशी मान हलवू लागला. जळतोय मेला, शकूर मनात म्हणाला, आणि त्याने आणखी दम लावला. त्याची नजर जाकीरवरून हलेना. टुबा हॉलभर घुमत राहिला. शेवटी टाळ्या पडल्या, नवरदेवाच्या मामाने शकूरची पाठ थोपटली.

शकूर फुशारून लेकीकडे वळला. "पाह्यलं का, कसं तोंड उतरलं त्याचं?"

मदिहा ट्रम्पेट पेटीत ठेवत होती.

"अब्बा, मी त दुसऱ्या गाण्यापासून वाजोलंच नाही. तुमाले कळलं बी नाही."