आधी चेलोचं

माझा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, माणसाएवढा आहे आणि विमानात सामानाबरोबर टाकला की मान मोडून घेतो. एकदा हात पोळल्यावर मी त्याच्यासाठी वेगळी सीट घ्यायला लागलो.

काउंटरवरच्या बाईंनी त्याचं तिकीट पाहून विचारलं, "हे दुसरे प्रवासी कुठे आहेत?"

"हे काय, माझ्या पाठीवर."

"जन्मतारीख?"

"अहो, वाद्य आहे ते!"

"तारखेशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

मी कपाळावर हात मारला, पेटी उघडली आणि चेलोच्या पोटात चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं साल दाखवलं.

"वय एकशे बारा," बाई शांतपणे म्हणाल्या. "व्हीलचेअर लागेल?"

माझा पारा चढला. मी त्यांच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी टेप लावून चेलो दोनदा मोजला आणि चार ठिकाणी फोन केले. मी पाऊण तास घसा फोडून भांडलो, तेव्हा कुठे चेलोचा बोर्डिंग पास हातात पडला.

"सुटलो बुवा! आता माझा द्या."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "काउंटर आत्ताच बंद झालं. तुमचं आधी करून घ्यायचं नाही का?"

आधी चेलोचंच का? तीस वर्षं घरी बायकोही हेच विचारते आहे.

मी चरफडत वाद्यवृंदाच्या मॅनेजरला फोन लावला. "माझं विमान चुकलं. चेलोची सीट तेवढी पक्की आहे."

"मग त्याला पाठवून द्या," तो म्हणाला. "वाजवायला इथे कुणीतरी मिळेल."