पलीकडचा हात

"दाखला नाही त्यानं थापीला हात लावायचा नाही," असं ओव्हरशियरनं सकाळी सकाळीच सांगून टाकलं, आणि गनीभाईनं हातातली थापी त्याच्या बुटांपाशी आपटली.

"कसला दाखला वं सायेब? तिसगावच्या बाजूच्या निम्म्या विहिरी कुनी बांधल्या, इचारा की! इचारा ह्या मच्छिंद्राला!"

मला मधे ओढायचं काही कारण नव्हतं. मी आपला खडीच्या ढिगावर बसून हातोडी मारत होतो. पण गनीभाई माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून. मी म्हणालो, "बांधल्यात खऱ्या."

"बांधल्या असतील," ओव्हरशियर म्हणाला. "पण हा तलावाचा सांडवा आहे. उद्या पाणी आलं आणि भिंत गेली, तर खालची वाडी जाईल. वरून हुकूम आहे. सोमवारी परीक्षेचे साहेब येतील. त्यांच्यासमोर भिंत बांधून दाखवा. पास झालात तर मिस्त्री, नाहीतर खडी आहेच."

बहात्तरचा दुष्काळ होता तो. रानात गवताची काडी नव्हती, बैल छावणीत आणि माणसं खडीवर. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर घशाखाली उतरत नव्हती, तरी आम्ही ती उतरवत होतो. गनीभाईची बायको खातून माझ्याच ओळीत खडी फोडायची. धुळीनं तिची छाती भरली होती. खोकला आला की हातोडी टाकून दोन्ही हात जमिनीला टेकायची. नवरा मिस्त्री झाला तर ती घरी बसणार होती. न झाला तर ही खडी तिला खाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आणि खरं सांगायचं तर हुकूम काही चुकीचा नव्हता. गनीभाईचं दुखणं मला ठाऊक होतं.

दगडी भिंतीला दोन तोंडं असतात. एका बाजूनं एक गवंडी बांधतो, दुसऱ्या बाजूनं दुसरा, मधे भर. आणि अधूनमधून एक लांब दगड आरपार घालावा लागतो, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहतात. तो नाही घातला तर भिंतीला पोट सुटतं. हा दगड सरकवताना अलीकडचा ओरडतो, "आला रे!" पलीकडचा त्याला हात लावून म्हणतो, "घेतला!" ते ऐकल्याशिवाय अलीकडच्यानं दगड सोडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत.

गनीभाईच्या पलीकडं कायम सहादेव असायचा. नवरा-बायकोची नसेल अशी जोडी. काही वर्षांमागं पाटलाच्या विहिरीवर मोटेसाठी भिंत चालली होती. गनीभाई जमिनीच्या अंगाला, सहादेव विहिरीच्या अंगाला परांचीवर. लांब दगड सरकवला. "आला रे!" "घेतला!" गनीभाईनं सोडला. दगड सहादेवाला घेऊनच पाण्यात गेला.

सहादेवाला वर काढलं. दगड तळातच राहिला. गनीभाई सांगायचा, मी ऐकलं, घेतला म्हनला. लोक म्हणाले, सहादेवाचा हात तर ओळंब्याच्या दोरीत गुंतलेला सापडला, तो घेतला कशाला म्हणेल? मग कुणीतरी म्हणालं, ते विहीर बोलली. विहिरीनं माणूस घेतला आणि तसं सांगितलं. गावाला असलं बोलायला लई गोड लागतं. पण गनीभाईच्या कानात ते जे शिरलं ते शिरलंच. त्यानं पुन्हा लांब दगडाला हात लावला नाही. चुली, ओटे, गिलावा एवढीच कामं धरली. काम करताना मधेच थांबायचा आणि मान वाकडी करून ऐकत राहायचा. मी एकदा विचारलं, काय ऐकतो रे? तर म्हणाला, "काय न्हाई. कुनी बोललं का बगतो."

आणि ह्या दुष्काळात पाटलाची विहीर जन्मात पहिल्यांदा आटली. तळाला तो दगड उघडा पडला. लांब, सरळ, कालच घडवल्यासारखा. बायका पाण्याला जाताना तिकडून पदर ओढून घ्यायच्या. गनीभाई कामावर यायला लांबची वाट धरू लागला.

रविवारी खातून माझ्या दारात आली. "भाऊजी, यास्नी सांगा, कुनीतरी बिगारी घ्या म्हनावं हाताखाली. सायबाची ना न्हाई."

मी सांगितलं. गनीभाई म्हणाला, "पलीकडं मी कुनाला हुबा करनार न्हाई. येक गेला तेवढा बास झाला."

"आरं, खातूनकडं बग जरा."

"बगतो की. रोज बगतो." एवढं बोलून तो आत गेला.

सोमवारी साहेब आले. बरा माणूस होता. स्वतः उन्हात उभा राहिला, गनीभाईला आधी पाणी प्यायला लावलं. भिंत चढू लागली. गनीभाई अलीकडचं तोंड बांधायचा, मग वळसा घालून पलीकडचं. हात सुरेख चालत होता. कंबरेपर्यंत आल्यावर साहेबांनी लांब दगडाकडं बोट केलं.

"आता हा. बिगारी घ्या एक."

"नको सायेब."

त्यानं दगड एकट्यानं छातीशी धरून भिंतीवर चढवला आणि अर्धा सरकवला. आणि तोंडातून निघून गेलं, "आला रे!"

पलीकडं कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं. गनीभाई मान वाकडी करून ऐकत राहिला. दंडावरच्या शिरा टरारल्या. पण दगड काही तो सोडेना.

"सोडा आता," साहेब म्हणाले. "बसलाय तो."

सोडतोय कसला! सगळ्या हातोड्या थांबल्या. खातून तोंडाला पदर लावून उभी राहिली. मला वाटलं, आता हा दगड घेऊन आडवा होतो.

तेवढ्यात खडीच्या ओळीतून रंगुबाई उठली. रंगुबाई म्हणजे सहादेवाची बायको. नवरा गेल्यापासून ती गनीभाईशी एक शब्द बोलली नव्हती. समोर आला की वाट बदलायची. ती सरळ भिंतीच्या पलीकडं गेली, पदर खोचला आणि दगडाच्या टोकाला दोन्ही हात लावले.

"घेतला," ती म्हणाली.

गनीभाईनं तिच्याकडं पाहिलं.

"घेतला म्हनलं ना भाई! सोडा!"

त्यानं सोडला. दगड जागेवर बसला आणि गनीभाई खाली बसला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, त्यात लाज कसली? साहेब ओव्हरशियरला म्हणाले, "बिगारी चालते. लिहा, पास."

दाखला संध्याकाळीच मिळाला. कारकुनानं वाचून दाखवला, "सदर इसम दगडी बांधकाम एकट्याच्या जबाबदारीवर करण्यास लायक आहे."

"एकट्याच्या?" गनीभाईनं विचारलं.

"हो, तसंच छापलेलं असतं."

परत येताना आम्ही चौघं होतो. पुढं खातून आणि रंगुबाई, मागं मी आणि गनीभाई. पाटलाच्या विहिरीची वाट लागली तसा तो थबकला.

"वैनी," त्यानं हाक मारली. "येक इचारू? त्या दिशी... सहादेवानं म्हनलं हुतं का? का मलाच तसं ऐकू आलं?"

रंगुबाई वळली नाही. 

"म्हनलं हुतं," ती म्हणाली. "मी भाकर घिऊन आल्ते. बांधावर हुते. माज्या कानानं ऐकलं."

"मग आजवर सांगितलं का न्हाई वं?"

"तुमी इचारलंच न्हाई."

गनीभाईनं तोंड धोतराच्या सोग्यात घेतलं आणि तिथंच वाटेत उभा राहून पोरासारखा रडला. खातूननं त्याचा हात धरला आणि त्याच वाटेनं, विहिरीच्या काठानं, त्याला घरी नेलं.

रंगुबाई मागं राहिली. माझ्याकडं बघत राहिली, मी काय म्हणतो म्हणून. कारण सहादेव गेला त्या दिवशी ती माहेरी होती, मिरीला. तिला आणायला बैलगाडी घेऊन मीच गेलो होतो. गनीभाई त्या धक्क्यानं तापानं फणफणून पडला होता, त्याला कुठून कळणार?

"चला भाऊजी," ती म्हणाली, "दिवस मावळला."

मी व्हय म्हणालो आणि तिच्या मागनं चालू लागलो.