हुकलीताई

"पाठीवर काय नाव छापायचं?" औषधांच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं. रुग्णालयाच्या महिला फुटबॉल संघाच्या कप्तान त्याच, आणि नव्या जर्सींची यादी करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

"हुकली," ती म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "चेष्टा करतेस काय?"

"चेष्टा तुम्ही सगळ्यांनी केलीत. मी नुसती छापून घेतेय."

रक्त काढायच्या खोलीत ती एकोणीस वर्षं नर्स होती. कुणाची शीर सापडेनाशी झाली की सगळे वॉर्ड तिलाच हाक मारत. मैदानावर मात्र सगळं उलटं. बचावाच्या बायकांना चकवून ती सुसाट सुटायची, समोर उरायची एकटी गोलकीपर, आणि मग चेंडू कधी खांबाबाहेर, तर कधी थेट त्या बाईच्या पोटावर. या हंगामात सात वेळा. सातही वेळा मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या लोकांनी एकच गलका केला होता, "हुकली!" आता तर पेशंटही बाही वर करता करता हुकलीताई म्हणायला लागले होते.

सल्ले फुकट मिळत. कठड्यावर बसणाऱ्याला वाटतं, समोर एकच तर बाई, त्यात काय एवढं! पण ती एक बाई पुढे यायला लागली की वाढत जाते आणि तिच्यामागचा गोल आकसत जातो. गर्दीत पाय आपलं काम आपण करतात. एकटं पडलं की डोकं मध्ये नाक खुपसतं. डावीकडे मारू की उजवीकडे? वेळ कमी पडतो म्हणून नव्हे, जास्त मिळतो म्हणून हुकतं. हे तिला पक्कं कळलं होतं. कळून उपयोग काही नव्हता.

"रविवारीही हुकलं तर पुढच्या हंगामात तू मागे, बचावात," बाई म्हणाल्या. "मला लोकांचं ऐकावं लागतं."

"मग लोकांना हेही विचारा, सात वेळा तिथवर दुसरं कोण पोचलं?"

घरी येईपर्यंत तिचं डोकं तापलेलंच होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या साखरेच्या तपासणीसाठी दर महिन्याला रक्त तीच काढायची.

"माझं रक्त काढताना माझ्या तोंडाकडे बघतेस का गं?"

"छे हो! तुम्ही असलं तोंड करता की माझाच हात कापेल."

"मग त्या बाईच्या तोंडात काय ठेवलंय?"

रविवारी नव्या जर्सी अंगात होत्या आणि समोर सूतगिरणीचा संघ होता. पूर्वार्धातच ती एकटी सुटली, नको म्हणताना तिनं गोलकीपरच्या तोंडाकडे पाहिलं, आणि चेंडू त्या बाईच्या पायांवर आपटला. "हुकली!" आठवी वेळ.

"मागे ये!" बाई मैदानातून ओरडल्या.

ती गेली नाही. कमरेवर हात ठेवून पुढेच उभी राहिली. पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामात बघू, आज जागा सोडणार नाही.

शेवटची पाच मिनिटं, दोन गोलांनी मागे. चेंडू आला. तिनं दोघींना चकवलं. गोलकीपर हात पसरून धावत आली. या वेळी तिनं मान वर केलीच नाही. फक्त त्या बाईच्या बुटांजवळचं गवत पाहत राहिली. बूट डावीकडे झुकले, बाई झेपावली, आणि उजवीकडे वाट मोकळी झाली. ती चेंडू घेऊन तिला वळसा घालून निघून गेली. कठड्यानं सवयीनं आधीच "हुकली!" म्हणून टाकलं होतं.

चेंडू आरामात जाळीत गेला.

गोलकीपर कोपरांवर उठत होती. आजवर कुठल्याच गोलकीपरला तिची पाठ अशी दिसली नव्हती.

"हुकली?" गोलकीपरनं वाचलं. "अहो, पण गेला की आत!"

"नाव आहे ते माझं."

सामना रुग्णालयाचा संघ दोन-एकनं हरलाच. बाई मात्र खुशीत होत्या. "पुढच्या हंगामात तू पुढेच. आणि ते नाव बदलून घेऊ."

"नको. आठ वेळा तिथवर गेले तेव्हा मिळालंय. एका गोलासाठी का सोडू?"

संध्याकाळी सासूबाईंनी जर्सी धुऊन वाळत टाकली, रंग उडू नये म्हणून उलटी करून. तिनं ती दोरीवरून काढली, सुलटी केली आणि पाठ रस्त्याकडे करून पुन्हा टाकली.