मधल्या टाकीचं झाकण

मामाने झाकणाच्या पहिल्या बोल्टला पाना लावला, आणि भाचीने त्याचं मनगट धरलं.

"काय गं?"

"अजून दाब आहे आत."

मामाने दाबाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा शून्यावर होता.

वरच्या टाकीत साधी हवा, खालच्या भट्टीत प्रचंड दाब, आणि मधे ही छोटी टाकी. कच्च्या मालाचे दाणे वरून हिच्यात घ्यायचे, वरची झडप लावायची, दाब चढवायचा, मगच खालची झडप उघडायची. कामावर आली तेव्हा मामानेच तिला बजावलं होतं, "दोन्ही झडपा एकदम उघडल्या, तर दाणे सासरी जायचे सोडून माहेरी उडत येतील. सोबत आपल्यालाही नेतील." आज दाणे मधेच अडून बसले होते. दाब सोडून, झाकण खोलून ते मोकळे करायचे होते.

"काटा अडकला असेल," ती म्हणाली. "वायू सुटायचा आवाज येतोय. ऐक ना."

छताकडे जाणाऱ्या नळीतून बारीक सुस्कारा येत होता. मामाने मान तिरकी केली.

"हां, येतोय की. घाईच झाली माझी. थांबू."

बहिणीच्या लेकीसाठी शब्द टाकून त्यानेच तिला इथे चिकटवलं होतं. काटा एकवेळ खोटं बोलेल, मामाचे कान नाही, असं सगळा कारखाना म्हणायचा.

आवाज विरत गेला. मग थांबला. भाचीने वळून पाहिलं. मामा तसाच उभा होता, मान तिरकी, पाना छातीशी धरलेला.

"अजून येतोय," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "जाऊ दे थोडा वेळ."

तिला त्याच्याकडे बघवेना. तिने हातमोजे काढले, उगाच झटकले, पुन्हा घातले. मान वर केली तेव्हा मामा तिचा चेहरा न्याहाळत होता.

"कधीच थांबलाय ना?"



मामाने पाना तिच्या हातात दिला.

"खोल तू. एका बाजूला उभी राहा, तोंड समोर नको. एकेक बोल्ट थोडाथोडा सैल कर. मी आहे इथेच." मग झाकणावरची धूळ हाताने पुसत म्हणाला, "हे झालं की साहेबांना भेटून येतो."

"काय सांगणार आहेस?"

"तू जे सांगणार नाहीस, ते."