चार अंशांचं पाणी

शनिवारी तळ्याच्या बर्फावर गाड्यांची शर्यत होती आणि गुरुवारी सकाळी माझा मोठा भाऊ हाल्वार गॅरेजमध्ये माझ्याशी इंटरकूलरवरून भांडत होता.

टर्बोने दाबलेली हवा तापते. इंजिनात जाण्याआधी तिला गार करायचं, एवढंच इंटरकूलरचं काम. समोरच्या वाऱ्यावर गार करणारा नवा मी आणला होता. हाल्वारला बाबांचा जुना हवा होता, पाण्यावर चालणारा.

"बाहेर उणे अठरा आहे," मी म्हटलं. "फुकटचा वारा सोडून आठ लिटर पाणी कशाला वाहायचं?"

"प्रोफेसरबाई, बाबांनी यावरच सात शर्यती मारल्या."

"आणि आठवी?"

सहा वर्षांपूर्वी मार्चअखेर, बर्फ आतून ठिसूळ होत आलेला असताना, बाबा 'एकच शेवटची फेरी' म्हणून निघाले. उत्तर स्वीडनमध्ये सगळेच निघतात. गाडी आम्ही नंतर तळ्यातून वर काढली; हा इंटरकूलर तिच्यातलाच. बाबा सापडले नाहीत.

"बसवून मोजू," मी म्हटलं. "काय ते आकडे ठरवतील."

बाबांचा जुना बसवला, त्याच्या टाकीत न गोठणारं हिरवं मिश्रण भरलं आणि इंजिन वीस मिनिटं ताणलं. पाणी चार अंश. मग इंजिन बंद करून दार सताड उघडं ठेवलं आणि दोन तास घरात बसलो. परत आलो तर चारच. तापमापक बदलला. चार.

हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी पाणी चार अंशांवर असतं. हे मी हाल्वारला सांगितलं नाही. त्याने टाकीवर तळवा ठेवला होता.

"ऊबदार लागतंय गं," तो हळूच म्हणाला. "हाच राहू दे. एकदा बाबांना पलीकडच्या काठाला नेतो."

"आणि त्यांनी तुला खाली नेलं तर?"

त्याचं उत्तर यायच्या आत मी खालचा नळ सोडला. दहा लिटरची बादली भरली. दुसरी लावली, तीही भरली. तिसरीतल्या पाण्याला हिरवा रंग नव्हता.

"टाकी किती लिटरची म्हणालीस?"

"आठ."

हाल्वारने स्वतःच पाना उचलला. "तुझा वाऱ्यावरचा आण. पटकन."

चार बोल्ट, दोन पाइप. टाकीसकट सगळं सुटून फरशीवर आलं, तरी पाणी थांबेना. आमची फरशी मागच्या भिंतीकडे उतरती आहे. पाणी मात्र चढाने दाराकडे, तळ्याच्या दिशेने चाललं होतं.

हाल्वार वाटेतून बाजूला झाला.